दुसऱ्या वर्षाचे पाणी



 आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापला आहे तो असा : जबड्याचे हाड, कूर्चा आणि दात यांची वाढ व खनिजीभवन. नाव जड आहे. दंतवैद्यांच्या परिषदेत हे शोभेल, आम्हा यवतमाळसारख्या कापूस-तुरीच्या जिल्ह्यातल्या माणसांना त्याचे काय, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात काही गैर नाही. पण केळापूर, झरी जामणी, मारेगाव, वणी या पूर्वेकडच्या तालुक्यांतल्या काही गावांत तिसरीच्या वर्गात जा आणि मुलांना दात दाखवायला सांगा. वरच्या पटाशीच्या दातांवर निस्तेज पांढरे आडवे पट्टे दिसतील. कुठे ते पिवळट असतील, कुठे तपकिरी रेघ असेल. डाव्या दातावर ज्या उंचीवर पट्टा, उजव्या दातावर साधारण त्याच उंचीवर पट्टा. हा पट्टा राखुंडीने जात नाही, ब्रशने जात नाही, दिवसातून चारदा घासले तरी जात नाही. का जात नाही? कारण तो दातावर बसलेला नाही, दातात आहे. आणि तो कधी पडला? मूल आज आठ वर्षांचे आहे. पट्टा मात्र पाच-सहा वर्षांपूर्वीचा आहे. दात तेव्हा हिरडीखाली, जबड्याच्या हाडात, कोणाच्या नजरेस न पडता घडत होता. आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ज्या गावाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे त्या गावात चांगले पाणी सर्वांत आधी कोणाला मिळाले पाहिजे, या प्रश्नाचे उत्तर दातांच्या आणि हाडांच्या अभ्यासाने केव्हाच देऊन ठेवले आहे. आपण ते अजून ऐकलेले नाही.

सुरुवात जबड्यापासून करू. आईच्या पोटात गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होतो तेव्हा खालच्या जबड्याच्या जागी हाड नसते, कूर्चेच्या दोन कांड्या असतात. त्या कूर्चेचेच पुढे हाड होते असा आपला समज असतो. तसे होत नाही. हाड तिच्या शेजारी, मऊ ऊतीत, स्वतंत्रपणे धरू लागते, आणि कूर्चेचा बराचसा भाग विरून जातो. तिच्या मागच्या टोकापासून कानातली हातोडी आणि ऐरण ही दोन इवलीशी हाडे तयार होतात. नंतर कानापुढच्या सांध्याशी जबड्याला कूर्चेची नवी टोपी येते, आणि ती विशीपर्यंत वाढीचे काम करत राहते. जबडा लांबतो कसा, हा प्रश्न अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटरला पडला. त्याने डुकरांना मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीचे मूळ खाऊ घातले. त्या मुळाचा रंग जिथे नवे हाड धरते तिथेच चढतो. जबड्याच्या उभ्या भागाची मागची कड रंगलेली दिसली. पुढची कड झिजून मागे सरत होती. पुढून काढायचे, मागे भरायचे, आणि मधल्या मोकळ्या झालेल्या जागेत दाढांना बसवायचे : आपला जबडा असा वाढतो. दात पडला की त्याच्याभोवतीचे हाडही विरघळू लागते. म्हाताऱ्या माणसाचा बोळका जबडा बसतो तो याचमुळे. सांगायचे ते इतकेच की हाड ही स्थिर वस्तू नाही. ते जन्मभर मोडले आणि बांधले जाते.

हाड काय, कूर्चा काय, दात काय, कठीण होण्याची रीत मुळात एकच. आधी पेशी प्रथिनांचा सांगाडा विणतात, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक भरले जातात. 1923 साली रॉबर्ट रॉबिसन यांनी दाखवले की हाड धरण्याच्या जागी एक विशिष्ट विकर फॉस्फेट मोकळे करून देते. 1967 साली वाढीच्या कूर्चेत पेशींपासून सुटलेल्या सूक्ष्म पिशव्या सापडल्या. पहिले स्फटिक त्यांच्यात जन्मतात. सांगाडा विणला गेला आणि खनिज भरलेच नाही तर काय होते? मुडदूस होतो. पाय धनुकलीसारखे वाकतात, दात उशिरा आणि कच्चे येतात. म्हणजे खनिज कमी पडले तर आजार. मग खनिज जास्त भरले तर मजबुती का? या प्रश्नाकडे मी नंतर येतो, कारण त्याचे उत्तर आपल्या समजुतीच्या नेमके उलटे आहे.

आता हाड आणि दात यांच्यातला फरक. तो आपल्या जिल्ह्यात सातबाऱ्याच्या भाषेत सांगितला तर चटकन कळेल. हाडाच्या उताऱ्यावर फेरफार होत असतो : जुनी नोंद कमी होते, नवी चढते, चूक झाली तर सावकाश का होईना दुरुस्त होते. दाताच्या बाहेरच्या कवचाला, ज्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात, फेरफार नाही. एकदा नोंद झाली की झाली. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दररोज काही मायक्रॉनचा थर चढवतात. दात कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर हे रोजचे थर मोजता येतात. साधारण सात ते नऊ दिवसांनी एक ठळक रेघ येते. दुधाच्या दातात तर मूल जन्मले त्या दिवसाची वेगळी रेघ दिसते. काम संपले की या पेशी आकसतात, आणि दात हिरडीबाहेर आला की नाहीशा होतात. मागे उरते ते वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. त्यात जिवंत पेशी एकही नाही. मग दुरुस्ती कोण करणार?

ही नोंद किती टिकाऊ असते? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगातली शेतकरी वसाहत उजेडात आणली. त्या लोकांनी आपली मेलेली लहान मुले घराच्या जमिनीखाली, मडक्यांत पुरली होती. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच या अभ्यासकांनी त्या मुलांच्या दुधाच्या दातांतले दोष पाहिले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तान्ह्या मुलांची आबाळ त्यांना दंतवल्कातल्या खळग्यांत वाचता आली. घर गेले, शेत गेले, भाषा गेली, पण दाताने नोंद ठेवली. मग मी विचारतो, तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांचे दात आपण इतक्या आस्थेने वाचतो, तर आज केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याच्या आसपास शाळेत बसलेल्या मुलांचे दात वाचायला आपल्याला कोणी अडवले आहे?

त्या दातांत काय लिहिले आहे ते पाहू. दंतवल्क दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात पेशी प्रथिनांचा मऊ साचा ओततात आणि त्यात बारीक स्फटिक उभे राहतात. दुसऱ्या टप्प्यात विकरे ते प्रथिन चिरून बाहेर काढतात, आणि रिकाम्या जागेत स्फटिक फुगून एकमेकांना भिडतात. शरीरात फ्लोराइड जास्त झाले की हे प्रथिन बाहेर पडायला उशीर लागतो. जागा अडून राहते, स्फटिकांना पुरते वाढता येत नाही, आणि पृष्ठभागाच्या आत सच्छिद्र थर उरतो. प्रकाश त्यात विखुरतो, म्हणून तो निस्तेज पांढरा दिसतो. दात तोंडात आल्यावर त्या छिद्रांत रंग शिरतात आणि तपकिरी छटा येते. फार बिघडले असेल तर वरचा पापुद्रा चावताना तुटून खळगे पडतात. एकाच घरात, एकाच घागरीचे पाणी पिणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाचे दात जास्त बिघडतात, दुसऱ्याचे कमी, असे का? उंदरांच्या दोन वाणांना सारखेच फ्लोराइड दिले तर एका वाणाचे दात पटकन बिघडतात आणि दुसऱ्याचे फारसे नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा आनुवंशिक फरक आहेच. पण दोन्ही वाणांना फ्लोराइड दिलेच नाही, तर असे पट्टे दोघांनाही पडत नाहीत.

आता माझ्या म्हणण्याचा कणा असलेला मुद्दा : वेळापत्रक. पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमारास घडू लागते. वरचे मधले पटाशीचे दात तीन-चार महिन्यांच्या वयात सुरू होतात आणि त्यांचा मुकुट चार-पाच वर्षांत पुरा होतो. सुळ्यांचा सहा-सात वर्षांत, दुसऱ्या दाढेचा सात-आठ वर्षांत. अक्कलदाढ सोडली तर आठव्या वर्षी कायमच्या दातांच्या दंतवल्काचे काम आटोपलेले असते. त्यानंतर त्याच माणसाने आयुष्यभर तेच पाणी प्यायले तरी त्याच्या दातांवर असा पट्टा उमटत नाही. पुढच्या दातांसाठी सर्वांत नाजूक काळ आयुष्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा. आणि त्याआधी? त्याआधी निसर्गाने एक कवच दिलेले आहे. आई फ्लोराइडचे पाणी पीत असली तरी तिच्या दुधात ते फारच थोडे उतरते. म्हणून सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असलेले मूल या बाबतीत गावातले सर्वांत सुरक्षित माणूस असते. धोका सुरू होतो तो वाटीचमच्यापासून. डाळीचे पाणी, भाताची पेज, पावडरचे दूध, आणि मग मूल चालू लागले की हापशीचे पेलाभर पाणी. आपण ज्याला बाळाचे उष्टावण म्हणून साजरे करतो त्याच आठवड्यापासून त्याच्या पटाशीच्या दातांवर गावचे पाणी लिहू लागते.

हे वेळापत्रक नुसते प्रयोगशाळेत ठरलेले नाही, गावांनीच ते दाखवून दिले आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य 1901 साली आला. तिथे जन्मून वाढलेल्यांचे दात डागाळलेले, आणि मोठेपणी तिथे राहायला आलेल्यांचे स्वच्छ, हे त्याच्या ध्यानात आले. 1923 साली आयडाहो राज्यातल्या ओकली गावच्या पालकांनी त्याला बोलावले. गावाने दूरच्या ऊन झऱ्यावरून नळ आणला होता आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले होते. पाणी तपासले, काही सापडले नाही. तरीही त्याने सल्ला दिला : हा नळ सोडा, दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या. गावाने ऐकले. काही वर्षांत धाकट्या मुलांचे नवे दात निर्मळ आले. डागाचे कारण फ्लोराइड आहे हे कळले 1931 साली, म्हणजे आठ वर्षांनी. आपल्या देशात 1937 साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून पाण्यातल्या फ्लोराइडने हाडे जखडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ओकलीच्या लोकांनी काय केले ते लक्षात ठेवा. मुलांचे दात पाहिले, पाण्यावर संशय घेतला, पाणी बदलले. अहवालाची वाट पाहिली नाही.

आणि आपल्याकडे? जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा. पूर्वेकडे वणी, मारेगाव, झरी जामणी आणि केळापूरच्या काही भागात चुनखडक, शेल, वालुकाश्म आणि कोळशाचे थर आहेत. फ्लोराइड खडकातल्या खनिजांतून पाण्यात उतरते. पाणी जितके जुने, जितके खोल, जितके अल्कधर्मी आणि त्यात कॅल्शियम जितके कमी, तितके ते जास्त फ्लोराइड धरून ठेवते. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडचा अभ्यास 2007 साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही गोष्ट छापील आहे, जुनी आहे आणि वादातीत आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. पण मानक लिटरचे आहे, आणि माणूस लिटर मोजून पीत नाही. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना शेतात राबणारा माणूस पाच लिटर पाणी सहज पितो. पाण्यात 3 मिलिग्रॅम असेल तर पोटात 15 गेले. दिवसाला 14 मिलिग्रॅम पोटात गेले तर हाडांना निश्चित धोका आणि 6 च्या वर गेले तर धोक्याची चिन्हे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचे मत आहे. अमेरिकेने 1962 साली फ्लोराइडची मर्यादा हवामानाप्रमाणे कमी-जास्त ठरवली होती. यवतमाळचा उन्हाळा मग कोणत्या रकान्यात बसवायचा?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. हातपंपांना दोष देता, पण त्यांनीच तर माणसे वाचवली! खरे आहे. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर खणले गेले. आपल्याच सोलापूरच्या पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडला आणि देशभर गेला. उघड्या विहिरींच्या पाण्याने होणारा पटकी, हगवण, नारू यांचा काच त्यामुळे सैल झाला. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला त्यात या पंपांचाही वाटा आहे. मी त्या कामापुढे नतमस्तक आहे. पण त्या काळात आपण पाण्याला एकच प्रश्न विचारायला शिकलो : यात जंतू आहेत का? जलसुरक्षक नमुना घेतो, टीसीएल म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर टाकली जाते, ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. टीसीएल जंतू मारते, फ्लोराइडला हात लावत नाही. पाणी उकळले तर फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. साधा कॅण्डल फिल्टर ते अडवत नाही. निर्मळ, गार, चवीला गोड पाणी मुलाचे दात बिघडवू शकते. डोळ्यांना आणि जिभेला जे कळत नाही ते दात दाखवतात, तेही पाच वर्षे उशिरा.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असते, दंतवैद्यच ती वापरायला सांगतात; मग फ्लोराइड वाईट कसे? दात तोंडात आल्यावर त्याच्या पृष्ठभागावर अल्प फ्लोराइड लागले तर किडीपासून संरक्षण मिळते, यात शंका नाही. तिथे ते बाहेरून काम करते. आपण बोलतो आहोत ते गिळलेल्या, रक्तातून घडत्या दातापर्यंत पोचलेल्या फ्लोराइडबद्दल. एकाच पदार्थाची ही दोन कामे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. फ्लोराइडग्रस्त गावात लहान मुलाला पेस्ट वाटाण्याएवढीसुद्धा नको, पुसट लावावी आणि थुंकायला लावावे, एवढी काळजी पुरे. तिसरा आक्षेप गावातला : दात पिवळे आहेत कारण पोरे घासत नाहीत, खर्रा खातात. खर्र्याचा डाग हिरडीलगत, दातांच्या फटीत आणि आतल्या बाजूला साचतो. तो खरवडून निघतो. फ्लोराइडचा पट्टा आडवा, दोन्ही बाजूंना जोडीने, दाताच्या वाढीच्या रेघेने जातो. आठ वर्षांच्या मुलीला तिच्या दातांवरून ‘घासत नाहीस का’ म्हणणे हा त्या मुलीवर अन्याय आहे. ती तोंडावर हात धरून हसते. पुढे लग्न जुळवताना तेच दात पाहिले जातात. गावाच्या पाण्याचा दोष तिच्या माथी मारणे थांबवा, ही माझी या सभागृहाला कळकळीची विनंती आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत धोक्याचा वाटतो : दातांचे काय, ते तर दिसण्यापुरते. आता मघाचा प्रश्न घेतो. जास्त खनिज म्हणजे जास्त मजबुती का? 1990 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाडे ठिसूळ झालेल्या 202 स्त्रियांपैकी काहींना चार वर्षे मोठ्या मात्रेत सोडियम फ्लोराइड दिले. कण्याच्या हाडांची घनता 35 टक्क्यांनी वाढली. सगळे खूश व्हायला हवे होते. पण कण्याबाहेरची हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. हाड भरले, पण भरीव झाले नाही. फ्लोराइड हाड बांधणाऱ्या पेशींना चेव आणते. नवे हाड बेढब धरते, आणि जिथे खनिज धरायलाच नको तिथे, म्हणजे अस्थिबंधांत, स्नायुबंधांच्या टोकांशी, हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यात, खनिज बसू लागते. मान वळत नाही, पाठ वाकत नाही, उकिडवे बसता येत नाही. शरीरातले 99 टक्के फ्लोराइड हाडा-दातांतच साठते, आणि वाढत्या मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा जास्त धरून ठेवते. शेजारच्या तेलंगणातल्या नलगोंडा भागात गुडघे आत वळलेल्या मुलांचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 1973 साली मांडला. अपुरे पोषण असले की फ्लोराइड जास्त छळते, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसले आहे. प्रत्येक डागाळलेल्या दाताच्या मागे जखडलेला कणा येतोच असे मी म्हणणार नाही. पण आठ वर्षांच्या मुलाचा दात सांगतो की याच्या हाडांतही तेच पाणी मुरते आहे, आणि अजून वेळ आहे. दाताची नोंद बदलत नसली तरी हाडाला फेरफार आहे. पाणी बदलले तर काही वर्षांत हाडातले फ्लोराइड उतरू लागते. जखडलेले अस्थिबंध मात्र सुटत नाहीत. म्हणून चाळिशीची वाट पाहायची नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने 1970 च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत काढली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. ॲल्युमिनावर पाणी गाळता येते. आरओ यंत्रे आहेत. या सगळ्यांना तुरटीचे माप, गाळाची विल्हेवाट, माध्यम बदलणे, वीज आणि सांभाळणारा माणूस लागतो. माणूस गेला की यंत्र बंद, आणि बंद यंत्राच्या शेजारी हापशी चालूच. धरणाचे, नदीचे पाणी नळाने येणे हाच मोठा उपाय, आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण त्याला वर्षे लागतात. दोन वर्षांच्या मुलाकडे वर्षे नाहीत. योजना मंजूर होऊन टाकी उभी राहीपर्यंत त्याचे पटाशीचे दात घडून गेलेले असतात. मग त्याला काय सांगायचे?

म्हणून माझे म्हणणे असे की पाण्याचा क्रम बदला. फ्लोराइड सगळ्या गावात सारखे नसते; एका बोअरला जास्त, हाकेच्या अंतरावरच्या उथळ विहिरीला कमी, असे सर्रास आढळते. गावातल्या प्रत्येक स्रोताची फ्लोराइडसाठी तपासणी करून घ्या, पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, एकुलत्या हापशीचीसुद्धा. सर्वांत कमी फ्लोराइडचा जो स्रोत निघेल त्याचे पाणी, जंतूंसाठी टीसीएल टाकून, आधी अंगणवाडीत आणि आठ वर्षांखालच्या मुलांच्या घरी. पिण्याला आणि मुलांच्या स्वयंपाकाला. लहान मुलाला दिवसाला लागते किती? दोन-तीन लिटर. धुण्या-भांड्याला जुनीच हापशी चालेल. कोणी म्हणेल, एका घरात दोन पाणी हे जमायचे नाही. आजारी माणसासाठी आपण वेगळे पाणी उकळून ठेवतोच ना? कोणी म्हणेल, अशाने सरकारला मोकळीक मिळेल. उलट आहे. ज्या ग्रामपंचायतीकडे आपल्या मुलांच्या दातांची लेखी नोंद आहे तिला उत्तर देणे कोणत्याही कार्यालयाला टाळता येणार नाही. जोडीला ताटाकडे पाहा. कॅल्शियम पोटात फ्लोराइडला बांधून टाकते, म्हणून दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, तरोट्याची भाजी हे सगळे या लढाईत आपल्या बाजूचे आहे. दूध परवडत नाही हे मला ठाऊक आहे. शेवगा दारात लागतो.

इथे शिक्षक बसले आहेत, आशाताई आणि अंगणवाडी सेविका आहेत, काही सरपंचही आले आहेत. तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. येत्या सत्रात आपल्या शाळेतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे दात उजेडात पाहा. पट्टा आहे की नाही, आणि ते मूल पहिली तीन वर्षे कोणत्या विहिरीचे किंवा हापशीचे पाणी प्यायले, एवढ्या दोनच गोष्टी वहीत मांडा. शाळेच्या तपासणीला आरोग्य पथक येईल तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवा आणि दंतवैद्याकडून खातरी करून घ्या, कारण दातावरचा प्रत्येक डाग फ्लोराइडचा नसतो. ज्या हापशीच्या नावापुढे पट्टे जास्त निघतील तिचे पाणी आधी तपासायला पाठवा. मुलांची नावे न घेता ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि त्याच सभेत अंगणवाडीच्या पाण्याचा ठराव करा.